ना वकील, ना दलील, ना अपील : बिनचौकशी कैदेविरुद्धचा एक सत्याग्रह



गेल्या वर्षी इयत्ता आठवीच्या वर्गात मी रौलट कायद्याचा भाग शिकवीत होतो. पाठ्यपुस्तकात या कायद्याच्या वाट्याला मोजक्याच ओळी येतात. त्या वाचून होताच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. हा मुलगा नाशिकरोडच्या जेलरोड भागातून येतो. मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत तो रोज येताजाता पाहतो. त्याने विचारले, "सर, गुन्हा काय केला ते न सांगताच माणसाला आत कसे ठेवतात? आणि तसे ठेवत असतील, तर मग बाहेरची माणसे स्वतःहून आत जायला का निघाली?"

तास संपत आला होता. "उद्या सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री विचार करताना ध्यानात आले, की स्वातंत्र्यलढ्याचे सारे मर्म या पोराने दोन प्रश्नांत विचारले आहे. दुसऱ्या दिवशी जे वर्गात सांगितले, तेच थोडे विस्ताराने या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

कायदा आला कोठून?

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ साली सरकारने भारत संरक्षण कायदा केला. युद्धकाळाची सबब पुढे करून कोणासही खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा अधिकार सरकारने हाती घेतला. मौलाना मुहम्मद अली आणि मौलाना शौकत अली या बंधूंना १९१५ च्या मे महिन्यात पकडण्यात आले. आधी मेहरौली, मग लॅन्सडाऊन आणि पुढे मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे त्यांना ठेवले. मौलाना अबुल कलाम आझाद यांना १९१६ साली रांचीस अडकवून ठेवले. १९१७ च्या जून महिन्यात ॲनी बेझंट यांच्यावर उटकमंड येथे तीच पाळी आली. बेझंटबाईंसाठी देशभर इतका क्षोभ उसळला, की सप्टेंबरात सरकारला त्यांना सोडावे लागले. अली बंधू मात्र आतच राहिले. सुटकेसाठी सरकारने त्यांच्याकडून हमीपत्र मागितले, तेव्हा इस्लामवरील आपल्या निष्ठेस बाध न येता ही हमी देत आहोत, अशी पुस्ती त्यांनी जोडली. सरकारला ती चालली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्यास मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदी निवड झाली होती ती स्थानबद्ध मुहम्मद अलींची. अध्यक्षांच्या खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवण्यात आली आणि त्यांच्या वृद्ध मातोश्री, ज्यांना सारा देश 'बी अम्मा' म्हणून ओळखतो, त्या अधिवेशनास हजर राहिल्या. दोन मुलगे खटल्याशिवाय कैदेत असलेली ती माता आणि समोर ती रिकामी खुर्ची. बिनचौकशी कैद म्हणजे काय, हे समजावयास याहून निराळे व्याख्यान नको.

आता एक गोष्ट विशेषतः नाशिककरांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. युद्ध संपल्यावर या अधिकारांची मुदत संपणार होती. ते हातचे जाऊ नयेत म्हणून सरकारने १९१७ च्या अखेरीस इंग्लंडचे न्यायमूर्ती सर सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट हेही तिचे सभासद होते. १९१८ साली समितीचा अहवाल आला. त्याच्या सुरुवातीचे प्रकरण मुंबई इलाख्याविषयी आहे आणि त्यात आपल्या नाशिकच्या कटाची हकीकत आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघा तरुणांना फाशी झाली. त्यांच्या देशप्रेमाविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु हेही खरे, की अशा घटनांकडे बोट दाखवूनच सरकारने साऱ्या हिंदुस्थानावर बिनचौकशी कैदेचा कायदा लादला. एका पिस्तुलाचे निमित्त झाले आणि कोट्यवधी निःशस्त्र माणसांचे हक्क धोक्यात आले.

१९१९ च्या फेब्रुवारीत विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले गेले. बिनसरकारी हिंदी सभासदांनी कडाडून विरोध केला, तरी मार्चमध्ये ते संमत झाले. पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जिना आणि मझहरुल हक यांनी निषेध म्हणून कायदेमंडळाचे राजीनामे दिले. कायद्यात होते तरी काय? खटले तीन न्यायाधीशांच्या खास न्यायालयापुढे चालावयाचे, ज्यूरी नाही, निकालावर अपील नाही. नुसत्या संशयावरून सरकार कोणासही वॉरंटावाचून पकडून वर्षभरापर्यंत अटकेत ठेवू शकत होते आणि ती मुदत वाढवण्याचीही सोय होती. अटकेची चौकशी बंद दाराआड व्हावयाची आणि तीत वकील देता यावयाचा नाही. म्हणूनच लोकांच्या तोंडी झाले, "ना वकील, ना दलील, ना अपील."

माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. गुन्हा न सांगता माणसाला आत ठेवता येते, कारण तसे ठेवण्याचाच कायदा करता येतो. कायदा असला म्हणजे न्याय असतोच असे नाही.

मोडावयाचा तरी कसा?

आता दुसरा प्रश्न. २४ फेब्रुवारी १९१९ रोजी साबरमती आश्रमात गांधीजी आणि काही मोजकी मंडळी एकत्र जमली. वल्लभभाई पटेल, सरोजिनी नायडू, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन, मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी, शंकरलाल बँकर, अनसूयाबेन साराभाई यांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. ही विधेयके कायदा झाली तर ती आम्ही पाळणार नाही, एक समिती ठरवील ते इतर कायदेही सविनय मोडू आणि हे करताना सत्याने वागू. कोणाच्या जिवाला, देहाला वा मालमत्तेला इजा करणार नाही, असा त्या प्रतिज्ञेचा आशय होता. पुढे मुंबईत सत्याग्रह सभा स्थापन झाली.

वाचकहो, येथे एक अडचण होती. मिठाचा कायदा मूठभर मीठ उचलून मोडता येतो. रौलट कायदा सामान्य माणसाने मोडावयाचा कसा? त्यात नागरिकाला काही करावयास सांगितलेले नव्हते. होता तो फक्त सरकारला दिलेला अधिकार. म्हणून सत्याग्रह सभेने निराळे कायदे निवडले. कोणाला इजा पोचू नये, पण सरकारला दखल घेणे भाग पडावे, असे ते कायदे होते. बंदी घातलेली पुस्तके विकणे आणि नोंदणी न करता वर्तमानपत्र काढणे या दोन गोष्टी ठरल्या.

६ एप्रिल १९१९ हा रविवार मुंबईने कसा पाळला, ते पाहू. सकाळी चौपाटीवर लोकांनी समुद्रस्नान केले, उपवास धरला, दुकाने बंद ठेवली. माधवबागेकडे मिरवणूक गेली. मुसलमान बांधवांनी गांधीजींना आणि सरोजिनी नायडूंना मशिदीत नेले आणि तेथे दोघांचीही भाषणे झाली. सायंकाळी 'हिंद स्वराज्य' आणि 'सर्वोदय' ही गांधीजींची बंदी असलेली पुस्तके रस्त्यात उघडपणे विकण्यात आली. किंमत चार आणे होती. परंतु चार आणे देऊन उरलेले परत घेणारा गिऱ्हाईक विरळाच. कोणी पाच रुपये दिले, कोणी दहा, आणि एका प्रतीस पन्नास रुपये आल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. हे पुस्तक घेणाऱ्यास तुरुंगवास घडू शकतो, असे घेणाऱ्यांना आधीच बजावले होते. तरी प्रती संपल्या. दुसऱ्या दिवशी 'सत्याग्रही' नावाचे बिननोंदणीचे पत्र निघाले. त्यावर संपादक म्हणून गांधीजींचे नाव होते आणि त्याची एक प्रत त्यांनी स्वतः पत्र लिहून पोलीस कमिशनरकडे धाडली.

हा तपशील मी मुद्दाम सांगत आहे. चोर कायदा मोडतो तो अंधारात, नाव लपवून. सत्याग्रही कायदा मोडतो तो भर दिवसा, नावपत्त्यासकट, आणि पोलिसांना अगोदर कळवून. "तुमच्या कायद्याप्रमाणे जी शिक्षा असेल ती मला द्या" असे तो म्हणतो. जे सरकार निरपराध माणसाला गुपचूप उचलून नेते, त्याच्या दारात हजारो माणसे स्वतःहून येऊन उभी राहिली, तर धाक दाखवावयाचा कोणाला? तुरुंगाची भीती गेली, की बिनचौकशी कैदेचे अर्धे बळ जाते. बाहेरची माणसे स्वतःहून आत जावयास का निघाली, त्याचे उत्तर येथे आहे.

अमृतसरचे दोन डॉक्टर

कैद्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या लोकांची सर्वांत मोठी कसोटी मात्र मुंबईपासून दूर, पंजाबात झाली. अमृतसरमध्ये दोन पुढारी लोकप्रिय होते. डॉ. सत्यपाल हे वैद्यकीय डॉक्टर होते, तर डॉ. सैफुद्दीन किचलू हे बॅरिस्टर आणि जर्मनीहून डॉक्टरेट मिळवून आलेले विद्वान. एक हिंदू, एक मुसलमान. सरकारने दोघांवर भाषणबंदी घातली. ९ एप्रिलला रामनवमी होती. त्या मिरवणुकीत हिंदू आणि मुसलमान एकाच भांड्यातून पाणी प्याले. या दृश्याची सरकारने धास्ती घेतली. १० एप्रिलला सकाळी डेप्युटी कमिशनरने दोघांना बंगल्यावर बोलावून घेतले आणि तेथूनच मोटारीत बसवून परस्पर धरमशाळेला रवाना केले.

बातमी पसरताच लोक जमले आणि आमचे पुढारी सोडा, अशी विनंती करावयास बंगल्याकडे निघाले. हातात शस्त्रे नव्हती. रेल्वेच्या पुलापाशी त्यांना अडवून त्यांच्यावर गोळीबार झाला. माणसे पडली. आणि येथेच जमावाचा तोल गेला. बँका जाळल्या गेल्या, पाच युरोपियन मारले गेले, एका मिशनरी बाईंवर हल्ला झाला. तीन दिवसांनी, १३ एप्रिलला, जालियनवाला बागेत निषेधाची सभा भरली आणि जनरल डायरने काय केले ते सर्वश्रुत आहे. १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे मृत ३७९. काँग्रेसच्या चौकशी समितीच्या मते याहून कितीतरी अधिक. बागेत जमलेल्या त्या माणसांचे एक मागणे हेच होते, की पकडून नेलेल्या दोघांना परत आणा.

इकडे गांधीजी पंजाबच्या वाटेवर असताना त्यांना पलवलजवळ अटक करून मुंबईस परत आणून सोडण्यात आले. त्यांच्या अटकेच्या बातमीने अहमदाबाद आणि वीरमगाम येथे दंगली झाल्या. गांधीजींनी तीन दिवसांचा उपवास केला आणि १८ एप्रिलला सत्याग्रह स्थगित केला. लोकांना शिस्तीचे शिक्षण मिळण्याआधीच कायदेभंगाची हाक दिली, ही आपली हिमालयाएवढी चूक झाली, अशी कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. चूक कबूल करणारा पुढारी त्या काळीही दुर्मिळ होता.

परंतु मुंबईने ही शिस्त लवकरच दाखवली. २६ एप्रिलला सरकारने हॉर्निमन यांना पकडून थेट इंग्लंडला पाठवले. ते इंग्रज होते, पण त्यांची लेखणी आमच्या बाजूची होती. लोकांत संताप होता. गांधीजींनी सांगितले, की आता रस्त्यावर जमू नका, ११ मे रोजी घरोघर उपवास आणि शांततेने हरताळ पाळा. तो दिवस शांततेत पार पडला. मोठे शहर महिनाभरात शिकू शकते, याचा हा दाखला आहे.

आपल्या जिल्ह्यातील एक कटू पान

आपण नाशिक जिल्ह्याचे रहिवासी आहोत. म्हणून मालेगावची गोष्ट टाळून चालणार नाही. १९२१ च्या एप्रिलमध्ये तेथे खिलाफत चळवळ जोरात होती. स्वयंसेवकांना न्यायालयात शिक्षा झाली, त्याचे निमित्त होऊन २५ एप्रिलला जमाव पोलिसांवर चालून गेला. एक पोलीस अधिकारी आणि त्याच्याबरोबरची काही माणसे मारली गेली, जाळपोळ झाली. पुढे खटले झाले आणि मालेगावातील काही जण येरवड्यास फासावर गेले. त्यांची आठवण मालेगाव आजही जपते आणि त्यांच्या घरच्यांचे दुःख कोणी कमी लेखू नये. पण गांधीजींनी त्या वेळी स्पष्ट शब्दांत लिहिले, की असहकाराची शपथ घेणाऱ्यांनीच येथे ती मोडली.

मी हे का सांगतो? ज्या स्वयंसेवकांच्या शिक्षेने लोक पेटले, त्यांचा प्रश्न त्या एका दिवसानंतर कोणी विचारलाच नाही. त्यानंतर बोलणे झाले ते फक्त जाळपोळीचे. अन्यायाविरुद्धची तक्रार कितीही खरी असो, हात उगारला की ती बाजूला पडते. अमृतसरने हे सोसले, मालेगावने हे सोसले.

नाशिकची भिंत आणि एक रुग्ण कैदी

रौलट कायदा प्रत्यक्ष वापरात न येताच १९२२ साली रद्द झाला. डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना लष्करी कायद्याच्या न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली होती. १९१९ च्या डिसेंबरात बादशाही जाहीरनाम्याने ते सुटले. अली बंधूही तेव्हाच सुटले आणि तडक अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनास गेले.

पुढच्या कायदेभंगात आपल्या नाशिकरोडच्या कारागृहाची पाळी आली. १९३२-३३ साली जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी तरुण मंडळी या भिंतीआड होती आणि समाजवादी पक्षाचा विचार येथेच आकारास आला. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी 'श्यामची आई' याच कारागृहात लिहिली. आपली मुले हे पुस्तक वाचतात. ते एका कैद्याने आपल्या गावच्या तुरुंगात लिहिले, हेही त्यांना माहीत असावे.

याच समाजवादी मंडळींपैकी मुंबईचे युसुफ मेहेरअली. १९४२ साली ते मुंबईचे महापौर झाले आणि 'चले जाव' ही घोषणा त्यांच्याच कल्पनेतून आली असे मानले जाते. तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना सेंट जॉर्ज रुग्णालयात हलवण्याची तयारी दाखवली. मेहेरअली म्हणाले, माझ्याबरोबर आणखी दोन सत्याग्रही आजारी आहेत, त्यांनाही हीच सोय द्या. सरकारने नकार दिला. तेव्हा मेहेरअलींनीही रुग्णालयात जाण्यास नकार दिला. प्रकृती पुढे कधी सावरली नाही. १९५० साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

माझ्या विद्यार्थ्याने न विचारलेला तिसरा प्रश्न येथे उभा राहतो. आपण सुटका मागतो ती कोणाची? फक्त आपल्या माणसाची, की शेजारच्या कोठडीतल्या माणसाचीही?

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्य मिळाले म्हणजे बिनचौकशी कैद संपली, असे झाले नाही. आपल्या घटनेच्या २२ व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा आहे. १९७१ साली 'मिसा' कायदा झाला आणि २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारल्यावर तो सर्रास वापरला गेला. शहा आयोगाच्या आकड्यांप्रमाणे त्या काळात १ लाख १० हजार ८०६ माणसे कैदेत गेली, त्यांपैकी ३४ हजार ९८८ मिसाखाली. १९७५ च्या नोव्हेंबरपासून लोकसंघर्ष समितीने देशभर शांततामय सत्याग्रह केला आणि आणखी हजारो लोक स्वतःहून आत गेले. सरकारने राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी घातली, तशी जमाअत-ए-इस्लामी हिंदवरही घातली. नाशिकरोड आणि येरवड्यासारख्या कारागृहांत समाजवादी, संघाचे, जमाअतचे असे परस्परविरोधी विचारांचे लोक शेजारी शेजारी राहिले. बाहेर ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, त्यांना आत एकच गोष्ट समान होती. कोणाचाही गुन्हा कोर्टात सिद्ध झालेला नव्हता.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे सरन्यायाधीशपद हुकले आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. एकट्या न्यायाधीशाचे मत देशाचे मत व्हावयास एक्केचाळीस वर्षे लागली.

समारोप

पालकहो आणि विद्यार्थिमित्रहो, आपली संस्था मुलांना शिकवते ती केवळ नोकरी मिळावी म्हणून नव्हे. बातमीपत्रात कोणा कैद्याचे नाव वाचले, की आपण आधी त्याचे आडनाव पाहतो, जात-धर्म पाहतो आणि मग हळहळावे की नाही ते ठरवतो. ही सवय मला स्वतःलाही आहे, हे प्रांजळपणे कबूल करतो. अमृतसरच्या पुलापाशी गेलेल्या लोकांना ही सवय नव्हती. त्यांनी सत्यपाल आणि किचलू ही दोन्ही नावे एका श्वासात घेतली.

म्हणून मुलांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. कोणासही कैद झाली, तर त्याचा गुन्हा काय आणि तो कोणत्या न्यायालयात सिद्ध झाला, हे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. तो प्रश्न विचारताना हात आणि जीभ दोन्ही स्वच्छ ठेवावीत. आणि जी चौकशी आपल्या माणसासाठी मागतो, ती जो आपला नाही त्याच्यासाठीही मागावी.

जेलरोडच्या त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी हे सारे सांगून झाले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, म्हणजे त्या भिंतीच्या आत कोण कोण होते, ते आम्हाला आधी कोणी सांगितलेच नव्हते." त्याचे म्हणणे रास्त आहे. ते सांगण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.